डोळे उघडायची मुभा

मंडईच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरात दुपारपर्यंत कुणी शुद्धीवर नसतं. रात्री दहाला सुरू झालेलं नाटक पहाटे पाच-साडेपाचला संपतं, मग घरी येऊन चहा, मग ऊन चढेपर्यंत जो तो आपापल्या कोपऱ्यात आडवा. भंडारा जिल्ह्यातल्या वाचकाला हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, पाहुणे गोळा होतात आणि रात्री दंडार हे आमचं लोकनाट्य नाहीतर नाटक असतंच. धानाच्या कडपा बांधीत पडून असल्या तरी माणसं नाटक सोडत नाहीत.

यंदा मंडईला भाची आली होती. ती नागपुरात समुपदेशक आहे आणि महिन्यातले दोन शनिवार भंडाऱ्यात एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसते. नाटकाला बसताना तिनं सहज सांगितलं, की कामात ती आता संमोहनही वापरू लागली आहे. मला ते खटकलं. पण तेवढ्यात तिसरी घंटा झाली आणि मी विसरलो.

खटकलं, कारण मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो असलो तरी पंचवीसेक वर्षं अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात घालवली आहेत. नारळाच्या शेंडीत पोटॅशियम परमँगनेट दडवून वरून ग्लिसरीनचे थेंब टाकले की नारळ कसा पेटतो, हे मी तुमसरपासून लाखांदूरपर्यंत किती शाळांत दाखवलं असेल त्याची मोजदाद नाही. अशा माणसाच्या घरात संमोहन! दुपारी अंगणात खाट टाकली आणि विषय काढला. आमच्या घरात मामाच भाचीच्या पाया पडतो. त्यामुळे तिच्याशी वाद घालताना माझी बाजू पहिल्यापासूनच वाकलेली असते, हेही सांगून ठेवतो.

"काल तू संमोहन म्हणालीस. आपल्याकडं त्याला काय म्हणतात माहीत आहे ना?"

"मोहनी."

"हो, मोहनी. पोरगी मनानं लग्न करून गेली का तिच्यावर मोहनी घातली. पोरगा बायकोचं ऐकू लागला का त्याला मोहनी चारली. ह्या एका शब्दापायी गावानं कितीक म्हाताऱ्या बायकांकडं बोट दाखवलं, ते मी पाहिलंय. आणि तू त्याचंच सर्टिफिकेट घेऊन आलीस."

"मामा, काल थंडी किती होती?"

"होती की बरीच."

"तुमची शाल कुठं होती?"

शाल मांडीवर होती. घडी न मोडलेली.

"तिसऱ्या अंकात बहीण दारातून परत जाते तेव्हा तुम्ही रडत होता. मी शेजारीच होते. मामी दोनदा चहा घेता का म्हणाल्या, तुम्हाला ऐकू गेलं नाही. पाय बधिर झाले ते पडदा पडल्यावर कळलं. आता सांगा, तुम्हाला मोहनी कोणी घातली होती?"

"मोहनी कशाची? तिकीट काढून गेलो होतो मी."

"तेच म्हणते मी. तिकीट काढून, आपल्या पायानं गेलात. मन एका जागी गोळा झालं, आजूबाजूचं मागं पडलं, समोरून आलेली गोष्ट आत शिरली. आणि मंडपाला आग लागली असती तर सगळ्यांच्या आधी तुम्हीच उठला असता. मी खोलीत वापरते ते याच्याहून वेगळं काही नाही. झोप नाही, बेशुद्धी तर नाहीच नाही. एकवटलेलं लक्ष, आणि त्या वेळी सुचवलेलं मनाला लवकर पटतं, एवढंच."

"मग त्याला इंग्रजीत झोपेचं नाव काहून दिलं?"

"चुकून. मँचेस्टरचा जेम्स ब्रेड नावाचा सर्जन होता. त्यानं 1843 च्या पुस्तकात ग्रीक भाषेतला झोपेचा शब्द उचलला. पुढं त्याचं त्यालाच उमगलं, की ही झोप नाही, एकाच कल्पनेवर मन खिळणं आहे. त्यानं नाव बदलून पाहिलं. तोवर जुनं रूढ झालं होतं."

मी तिला इतक्या सहज सोडणार नव्हतो. माझ्या व्याख्यानातली एक ठेवणीतली गोष्ट होती, ती काढली. पॅरिसमध्ये मेस्मर नावाचा डॉक्टर माणसाच्या अंगातलं 'चुंबकत्व' हातवाऱ्यांनी फिरवून रोग बरे करतो म्हणायचा. 1784 मध्ये फ्रान्सच्या राजानं चौकशी समिती नेमली. तिच्यात विजेवाला बेंजामिन फ्रँकलिन होता, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होता. फ्रँकलिनच्या बागेत मेस्मरच्या शिष्यानं जर्दाळूच्या एका झाडात ते चुंबकत्व 'भरलं'. मग बारा वर्षांच्या एका पोराला डोळे बांधून झाडांना मिठी मारायला लावलं. चौथ्या झाडाशी पोरगा बेशुद्ध पडला. आणि ते झाड भलतंच होतं!

"आपल्या गावच्या चिंचेखाली संध्याकाळी गेलेल्या पोरीच्या अंगात येतं, ते असंच," मी म्हणालो. "झाडात काही नसतं. समितीनं लिहून दिलं, चुंबकत्व बिंबकत्व खोटं, ही सगळी कल्पनेची करामत. विषय संपला."

"तुमचा संपला, माझा तिथंच सुरू होतो." ती खाटेवर मांडी घालून नीट बसली. "झाडात काही नव्हतं. तरी पोरगा पडला, म्हणजे पाडणारं काहीतरी होतंच. ते पोराच्या आत होतं. नुसत्या कल्पनेनं माणूस बेशुद्ध पडू शकत असेल, तर कल्पनेनं त्याला थोडं सावरता काहून येऊ नये? समितीनं मेस्मरला खोटं पाडलं, कल्पनेला नाही."

हे मला पंचवीस वर्षांत सुचलं नव्हतं, हे कबूल करतो. अर्थात त्या वेळी केलं नाही.

मग तिनं आबे फरिया काढला. हा आपल्याच बाजूचा माणूस, गोव्यातल्या कांदोळीचा, जन्म 1756. युरोपात जाऊन पाद्री झाला, 1813 मध्ये पॅरिसला संमोहनाचे जाहीर वर्ग घेऊ लागला आणि 1819 मध्ये तिथंच वारला. मेस्मरपंथी म्हणत, शक्ती उपचार करणाऱ्यात असते. फरिया म्हणाला, त्याच्यात काही नसतं, जे घडतं ते समोरच्याच्या मनात आणि त्याच्या तयारीमुळं. त्याच्याबद्दल गोव्यात एक दंतकथा सांगतात. तरुणपणी लिस्बनला राणीसमोर प्रवचन द्यायला उभा राहिला आणि बोबडीच वळली. तेव्हा खाली उभ्या असलेल्या बापानं कोकणीत हळूच म्हटलं, ही सगळी भाजी आहे, काप भाजी. पोराची जीभ सुटली. खरंखोटं कोण जाणे, पण सूचना म्हणजे काय ते यातून लवकर कळतं. बापानं राणीला भाजी केलं नाही, पोराच्या डोळ्यांपुरतं केलं.

"पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे," मी म्हणालो. "शाळेची सहल नेली होती तेव्हा पाहिलाय. 1945 चा आहे, रामचंद्र कामतांनी केलेला. फरिया दोन्ही हात पसरून उभा, आणि पुढं एक बाई कोसळत चाललेली. तो पाहून कोणाला वाटेल, शक्ती बाईच्या मनात आहे?"

ती एकदम हसली. "पुतळा सुंदर आहे, आणि फरियानं जन्मभर जे सांगितलं त्याच्या नेमका उलटा आहे. मामा, माझं अर्धं काम तो पुतळा लोकांच्या डोक्यातून उतरवण्यातच जातं. माणसं येतात ती मला म्हणतात, मॅडम, तुम्ही माझ्या डोक्यातून हे काढून टाका. मी काय काढणार?"

"करतेस तरी काय मग?"

इथून पुढचं मी जरा सविस्तर लिहितो, कारण या भागात मी मध्ये कमी बोललो.

पहिल्या दोन-तीन भेटी ती नुसतं ऐकते. त्रास कधीपासून, कशानं वाढतो, गोळ्या चालू आहेत का, फिट येते का, कानात आवाज येतात का, जीव द्यावासा वाटतो का. यातलं शेवटचं काही निघालं तर संमोहनाचा विषयच निघत नाही, माणूस मानसोपचारतज्ज्ञाकडं जातो. भंडाऱ्यात जिल्हा रुग्णालय आहे, साठेक किलोमीटरवर नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि रात्री-अपरात्री कोणीच नसेल तर 14416 हा टेली-मानसचा फुकट फोन आहे, मराठीत बोलता येतं. हा नंबर ती प्रत्येकाला कागदावर लिहून देते. तिच्या मते संमोहन हा स्वतंत्र उपचारच नव्हे. समुपदेशन हे काम, आणि संमोहन हे त्या कामातलं एक अवजार, रोज न लागणारं. "सुताराकडं रंधा असतो, म्हणून तो भिंतीला रंधा मारत नाही," असं तिचं म्हणणं.

लागलंच तर काय? माणूस खुर्चीवर बसतो. श्वासाकडं लक्ष, मग पायापासून वर एकेक अवयव सैल सोडणं, मग मनात एखादी शांत जागा उभी करणं. त्या जागेत बसून ज्याची भीती वाटते ती गोष्ट लांबून, छोटी करून पाहणं, आणि तिच्यातून पार झाल्याचा सराव मनातल्या मनात करणं. शेवटी एक ते पाच मोजून डोळे उघडायचे आणि काय वाटलं ते बोलायचं. ते बोलणं आधीच्या सगळ्याहून महत्त्वाचं, असं तिनं दोनदा सांगितलं. पुढं हेच घरी स्वतःचं स्वतः करायला शिकवायचं.

"प्रशिक्षणात आम्हाला छापील मजकूर दिला होता," ती म्हणाली. "इंग्रजीवरून उतरवलेला. समुद्राचा किनारा, पायाखाली वाळू. मी इथं एका काकूंना वाचून दाखवला. त्या डोळे उघडून म्हणाल्या, मॅडम, मी समुद्र पाहिलाच नाही. मग मी म्हटलं आपण तलाव घेऊ. जिल्हाच तलावांचा."

(आमच्याकडच्या जुन्या तलावांना 'मामा तलाव' म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी. लहानपणी हिला ते सगळे माझे वाटायचे.)

"तलावाची पार, पायऱ्या, एकेक पायरी उतरायची, पाणी जवळ येतंय. किती छान ना? असाच एका बाईंना उतरवणार होते. नावगाव सांगणार नाही. सहज आधी विचारलं, पाणी आवडतं का? तर म्हणाल्या, वीस साली पूर आला तेव्हापासून पाण्याचा आवाज आला का छातीत धडधडते."

2020 च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेनं काय केलं ते आम्हाला माहीत आहे. वर मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं आणि भंडारा शहराचे भागच्या भाग, काठची गावं पाण्यात गेली. माणसं पाटावर बसवावीत तशी छपरांवर बसली होती.

"मी त्यांना एकेक पायरी पाण्यात उतरवणार होते, मामा. विचारलं नसतं तर?" ती थोडा वेळ बोलली नाही. "त्यांची शांत जागा निघाली आईच्या घरातली चूल. हिवाळ्यात चुलीपुढं बसल्यासारखं. मला कधी सुचलंच नसतं. तेव्हापासून जागा मी देत नाही, त्यांनाच विचारते. आणि बोलते त्यांच्या बोलीत. 'आपले स्नायू शिथिल होत आहेत' म्हटलं तर माणूस सावरून बसतो, सरकारी साहेब आल्यासारखा. 'हातपाय ढिले सोड बाई' म्हटलं का सुटतात."

"फरिया तर म्हणे ओरडून हुकूम सोडायचा, झोपा म्हणून."

"हो, ती जुनी तऱ्हा. अमेरिकेत मिल्टन एरिक्सन नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते, 1980 मध्ये वारले. त्यांनी हुकूम काढून टाकला. 'डोळे मिटा' नाही. 'मिटावेसे वाटले तर मिटा, नाही मिटले तरी चालते.' दोन वाक्यांत फरक थोडाच आहे, पण दुसऱ्यात माणसाला जागा राहते."

"आणि याचा खरंच उपयोग होतो म्हणतेस?"

"सगळ्याला नाही. पोटाचा तो जुना त्रास असतो ना, आयबीएस, सगळे रिपोर्ट चांगले आणि पोट दुखतंच, त्यावर मँचेस्टरच्या डॉ. व्हॉरवेल यांनी 1984 मध्ये तीस रुग्णांवर अभ्यास केला. संमोहनाच्या गटाला चांगला फरक पडला. आज ब्रिटनची सरकारी मार्गदर्शक सूचनाही सांगते, वर्षभर औषधांनी गुण नाही आला तर याचा विचार करा. दुखणं सोसायला, शस्त्रक्रियेआधीची धास्ती कमी करायला मदत होते, याचे पुरावे आहेत. आणि सगळी माणसं सारखी नसतात. काही पटकन रमतात, काहींना काहीच होत नाही."

"खर्रा सुटतो?"

विदर्भाबाहेरच्यांसाठी: खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून केलेलं आमच्याकडचं सार्वत्रिक संकट.

"रोज दोघं तरी हेच विचारतात. सिगारेटवर अभ्यास झालेत, त्यांतून ठाम काही निघालं नाही. म्हणून मी खर्रा सोडवून देते असं म्हणत नाही. सोडायचं ठरवलेल्या माणसाला सोबत करते."

हे उत्तर मला आवडलं. मांत्रिक कधी 'जमत नाही' म्हणाल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

पण माझ्या मनात खोलवर एक गोष्ट रुतून बसलेली होती, ती मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. मुख्याध्यापक असताना शाळेत एक जादूगार आला. शेवटी संमोहनाचा खेळ. त्यानं नववीतल्या एका मुलाला पुढं बोलावलं, हातवारे केले, कच्चा कांदा दिला आणि सांगितलं, हे सफरचंद आहे. पोरानं कचाकचा खाल्ला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. सगळी शाळा हसली, मीही हसलो. पुढचा आठवडाभर तो मुलगा शाळेत आला नाही. चमत्काराविरुद्ध बोलणाऱ्या माझ्या शाळेत हे घडलं.

"म्हणून मला तुझ्या या विद्येची चीड आहे," मी म्हणालो. "माणसाचं मन असं ताब्यात घेता येत असेल, तर ते चांगल्या हातातही नको."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग हळू म्हणाली, "मामा, तुम्हाला वाईट वाटेल. त्या पोराचं मन कोणी ताब्यात घेतलं नव्हतं. आधी त्यानं सगळ्यांना हात घट्ट जोडायला लावले असतील, ज्यांचे सुटले नाहीत त्यांतला एक निवडला असेल. मग स्टेज, समोर अख्खी शाळा. त्याला कांदा कांद्यासारखाच लागला, म्हणून तर पाणी आलं डोळ्यांतून. त्याला नाही म्हणता आलं नाही, कारण पहिल्या रांगेत मुख्याध्यापक बसले होते."

विहिरीवर कोणीतरी कळशी भरत होतं. तेवढाच आवाज.

माझ्या बाजूनं वादात एवढा मोठा तोटा कधी झाला नव्हता. पण त्याच तोट्यातून मला माझा सगळ्यात खरा प्रश्न मिळाला. "मग तुझ्या खोलीत येणारी बाई तुला नाही म्हणेल? तू शिकलेली, नागपूरची मॅडम. ती धान रोवणारी. दार बंद, डोळे मिटलेले. तुझ्या जागी उद्या एखादा बाप्या असला तर?"

"दार मी लोटते, बंद करत नाही. बाहेर नर्सबाई बसलेल्या असतात. कोणाला सोबत घरची बाई हवी असली तर ती आत बसते. अंगाला हात लावत नाही," ती भराभर म्हणाली, म्हणजे हे तिला पाठ होतं. मग थांबली. "पण तुमचा प्रश्न दाराचा नाही, माहीत आहे मला. त्यावर मी एक करते. काही सुरू करायच्या आधी मी त्यांना नाही म्हणायचा सराव करायला लावते. डोळे मिटवायचे आणि मी बोलत असताना मध्येच उघडायचे. मला तोडून. एकदा नाही, तीनदा. पहिल्यांदा बाया लाजतात. मॅडम बोलत असताना डोळे कसे उघडू? तिसऱ्यांदा बिनधास्त उघडतात. ते जमलं नाही तर पुढं जात नाही, मग दोन महिने लागले तरी चालतील. मांत्रिकाकडं डोळे उघडायची मुभा नसते, मामा. माझ्याकडं पहिला धडाच तो आहे."

मी आणखी दोन खडे टाकून पाहिले. मागचा जन्म दाखवतेस का? नाही. विसरलेलं लहानपण बाहेर काढतेस का? तेही नाही, आणि याबाबत ती माझ्याहून कडक निघाली. एलिझाबेथ लॉफ्टस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1995 मध्ये चोवीस जणांना त्यांच्या लहानपणीचे प्रसंग लिहून दिले. त्यांत 'तू बाजारात हरवला होतास' हा साफ खोटा प्रसंग मिसळला. सुमारे चौथ्या भागाला तो थोडाफार किंवा पुरता आठवलाही! तिथं संमोहनही नव्हतं, नुसतं विचारणं होतं. "मग डोळे मिटून, माझ्या शब्दावर भार टाकून बसलेल्या माणसाला मी 'लहानपणी तुझ्यावर काय झालं होतं' असं विचारलं, तर तो काय काय आठवेल? आणि त्यातून ज्या काकावर, ज्या शेजारणीवर आळ येईल तिचं काय?" करणी कोणी केली ते सांगणारा मांत्रिक हेच करतो, हे तिनं बोलून दाखवलं नाही. मला ऐकू आलं.

तरी एक मुद्दा माझाच राहिला आणि तिनं तो मान्य केला. 2013 च्या आपल्या जादूटोणाविरोधी कायद्यानं भूत काढायच्या नावाखाली माणसाला मारणं, डांबणं गुन्हा ठरवलं. त्यासाठी डॉ. दाभोलकरांचा जीव गेला. पण शनिवार-रविवारचा वर्ग करून 'संमोहनतज्ज्ञ' अशी पाटी लावणाऱ्याला कोण विचारतो? केंद्र सरकारच्या 2003 च्या एका पत्रात संमोहन उपचाराला मान्यता आहे आणि तो योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनीच करावा असं म्हटलंय. योग्य म्हणजे किती, ते गिऱ्हाइकानं ओळखायचं. "म्हणून मी लोकांना सांगते," भाची म्हणाली, "आधी मूळ शिक्षण विचारा. मानसशास्त्राचं किंवा डॉक्टरकीचं शिक्षण नसेल आणि फक्त संमोहन येत असेल, तर उठून या. एका बैठकीत बरं करतो म्हणाला तर चप्पल घालायलाही थांबू नका." मग जरा खट्याळपणे, "आणि स्वसंमोहनाच्या कार्यशाळा वर्षानुवर्षं कोण घेतंय? तुमच्याच चळवळीतले श्याम मानव. त्यांना नाही म्हणालात कधी मोहनीवाले!"

हा पत्ता तिनं शेवटपर्यंत राखून ठेवला होता. वास्तविक मला तो आधीपासून माहीत होता, आणि ती काढणार नाही अशी आशा होती.

ऊन कलायला लागलं तेव्हा मी स्वतः म्हणालो, बरं, दाखव. रात्रभर सतरंजीवर बसून उजवा गुडघा ठणकत होता. तिनं आधी तीनदा डोळे उघडायला लावले. मी तिन्ही वेळा तिचं वाक्य पुरं होऊ दिलं, शिक्षकाची खोड, आणि ती तिन्ही वेळा रागावली. मग शांत जागा विचारली. मी भंडाऱ्यातल्या खांब तलावाची पार म्हणणार होतो, पण तोंडून निघालं, रिकामा वर्ग, सुट्टी झाल्यावरचा, खडूचा वास असलेला. तिथं मी बसून होतो. तिचा आवाज ऐकू येत होता, विहिरीचा रहाट ऐकू येत होता, सगळं कळत होतं. काही विशेष झालं नाही. मध्येच आठवण झाली म्हणून डोळे उघडले, ती हसली, पुन्हा मिटले. उठलो तेव्हा मला वाटत होतं पाच मिनिटं झाली, तिच्या मामी म्हणाल्या वीस. चहा गार झाला होता. बसून असेपर्यंत गुडघा आठवला नव्हता. उभा राहताच ठणकला. हे मुद्दाम लिहितो, नाहीतर कोणी म्हणेल मास्तरांचा गुडघा मंत्रानं बरा झाला.

आता एकच भांडण उरलं आहे, पाटीचं. तिच्या खोलीबाहेर 'समुपदेशन व संमोहन उपचार' असं लिहायचा तिचा विचार आहे. मी म्हणतो, दुसरा शब्द नको. ज्या गावात मोहनी हा शब्द अजून जिवंत आहे तिथं तो वाचून येणारा माणूस पुतळ्यातल्या फरियाला शोधत येईल, आणि ज्याला खरी गरज आहे तो घाबरून पायरीवरूनच परत जाईल. तिचं म्हणणं, जे करते ते दारावर न लिहिणं ही लपवाछपवी झाली, आणि लपवलेल्याचीच मोहनी होते. तिचं चूक नाही. तरी माझा निकाल तोच: दारावर फक्त 'समुपदेशन', बाकीचं आत, पहिल्या भेटीत, तोंडानं आणि पूर्ण.

पाटी अजून रंगलेली नाही. आमचा पेंटर सध्या नाटकांचे पडदे रंगवण्यात गुंतलेला आहे आणि होळीच्या आत मोकळा होणार नाही.